स्पेनमधील बिऱ्हाडाचा जमाखर्च

आपल्या समाजातील तरुण परदेशी जाऊ लागले त्याला आता काही पिढ्या लोटल्या. हिऱ्यांच्या व्यापाराने अँटवर्प, पूर्व आफ्रिकेतून आलेल्या कुटुंबांमुळे लंडन आणि लेस्टर, पुढे शिक्षणामुळे अमेरिका, अशी ही स्थळे आपल्या घरोघरी परिचयाची झाली. लेस्टरच्या मंदिरात १९८८ साली प्रतिष्ठा झाली; अँटवर्पलाही संगमरवरी जिनालय उभे राहिले. स्पेनचे नाव या यादीत अगदी अलीकडचे. बार्सिलोना आणि माद्रिद येथील व्यवस्थापन शिक्षणाच्या संस्था व संगणक क्षेत्रातील नोकऱ्या यांमुळे आपली मुले तिकडे जाऊ लागली आहेत. पाच-सहा वर्षांत ती तेथे स्थिरावली की येथे राहिलेल्या आईवडिलांसमोर प्रश्न उभा राहतो. हवा उत्तम, माणसे बोलकी, लंडन-पॅरिसच्या मानाने खर्च कमी. मग येथील सदनिका विकून उरलेले आयुष्य मुलांजवळच का काढू नये?

आमची कन्या व जावई व्हॅलेन्सिया शहरात नोकरी करतात. त्यांच्याकडे आम्ही उभयतांनी एकदा हिवाळ्यात व एकदा उन्हाळ्यात, पर्यटक व्हिसाच्या मुदतीत, दीर्घ मुक्काम केला. बँकेच्या परकीय चलन विभागात बरीच वर्षे काढल्यामुळे कागद वाचण्याची सवय जुनी आहे. या दोन मुक्कामांत जे पाहिले, विचारले आणि आकडेमोड करून पडताळले ते येथे मांडतो. केवळ स्थळवर्णनाच्या अपेक्षेने वाचणाऱ्यांनी आकड्यांची थोडी तयारी ठेवावी.

व्हॅलेन्सिया हे भूमध्य समुद्राकाठचे, स्पेनमधील तिसऱ्या क्रमांकाचे शहर. शहराच्या मधोमध पूर्वी तुरिया नदी वाहत असे. १९५७ साली मोठा पूर आला. त्यानंतर नदीचा प्रवाह शहराच्या दक्षिणेकडून वळवण्यात आला आणि जुन्या कोरड्या पात्रात कित्येक किलोमीटर लांबीचे उद्यान केले गेले. जुने दगडी पूल आजही जागेवर आहेत. त्यांच्या कमानींखाली संत्र्यांची झाडे, मुलांची खेळणी आणि बाकांवर गप्पा मारत बसलेली ज्येष्ठ मंडळी दिसतात. शहराबाहेर अल्बुफेरा सरोवराच्या काठी भातशेती आहे. अरबांच्या काळापासून चालत आलेल्या पाटांचे पाणी आजही शेतांना मिळते, आणि त्या पाण्याच्या तंट्यांचा निवाडा दर गुरुवारी दुपारी बारा वाजता मुख्य चर्चच्या दारात होतो. काळे सदरे घातलेले आठ शेतकरी प्रतिनिधी गोलाकार बसतात, वादी-प्रतिवादी तोंडी म्हणणे मांडतात, निकाल तेथल्या तेथे लागतो आणि त्यावर अपील नसते. युनेस्कोने २००९ साली या जलन्यायालयाची जागतिक वारशात नोंद घेतली. पाच मिनिटांत तंटा मिटवणाऱ्या या शहरात परदेशी माणसाचे काम मात्र कागदाशिवाय तसूभर पुढे सरकत नाही.

पहिला कागद म्हणजे परदेशी व्यक्तीचा ओळख क्रमांक, ज्याला तेथे 'नीए' म्हणतात. भाडेकरार, विजेची जोडणी, करविवरण, सर्वत्र तो मागितला जातो. दुसरा कागद नगरपालिकेतील रहिवासी नोंदीचा, 'पाद्रोन'. आपण कुठल्या पत्त्यावर राहतो हे नगरपालिकेच्या दप्तरी लागले नाही, तर दवाखाना, ग्रंथालय, शाळा यांपैकी कशाचाही लाभ सहजी मिळत नाही. तिसरे म्हणजे निवासाचे कार्ड. देशात प्रवेश केल्यापासून एका महिन्यात त्यासाठी बोटांचे ठसे देण्याची प्रक्रिया सुरू करावी लागते. यांतील बहुतेक कामांना आधी वेळ आरक्षित करावी लागते, आणि मोठ्या शहरांत ती वेळ मिळणे हीच खरी परीक्षा असते. शुल्क कार्यालयात घेत नाहीत. ठरावीक नमुन्यातील चलन छापून ते बँकेत भरून पावती घेऊन जायचे. आपल्याकडील जुन्या ट्रेझरी चलनाची आठवण व्हावी असाच हा प्रकार. या कामांसाठी तेथे 'हेस्तोरिया' नावाची अधिकृत कार्यालये असतात. आपल्याकडे आर.टी.ओ.च्या दारात एजंट असतो, त्याला तेथे फलक, कार्यालय आणि प्रतिष्ठा आहे इतकाच फरक. त्यांना फी देण्यात काटकसर करू नये.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ज्येष्ठ भारतीय नागरिकाला स्पेनमध्ये कायम राहायचे असेल तर व्यवहारात दोन वाटा उरतात. पूर्वी तिसरीही होती. पाच लाख युरोंचे घर घेतले की निवासाचा परवाना मिळत असे. घरांच्या किमती स्थानिकांच्या आवाक्याबाहेर गेल्याच्या तक्रारी वाढल्यावर एप्रिल २०२५ मध्ये ती सोय बंद करण्यात आली. अजूनही काही दलाल तिची जाहिरात करतात. त्यांच्यापासून दूर राहावे.

पहिली वाट स्वतःच्या पैशावर, कोणतेही काम न करता राहण्याच्या परवान्याची. त्यासाठी उत्पन्नाची अट स्पेन सरकारच्या एका निर्देशांकाशी जोडलेली आहे. तो सध्या महिना ६०० युरो आहे. मुख्य अर्जदाराने त्याच्या चौपट, म्हणजे महिना २,४०० युरो, आणि सोबतच्या प्रत्येक व्यक्तीमागे आणखी ६०० युरो दाखवावे लागतात. पतिपत्नी मिळून वर्षाला ३६,००० युरो. युरोचा भाव सोयीसाठी १०० रुपये धरला तर ही रक्कम ३६ लाख रुपये होते. पोलिसांचा दाखला, वैद्यकीय प्रमाणपत्र, विवाहाचा दाखला, या सर्वांवर अपोस्टिलची मोहोर व शपथबद्ध अनुवादकाकडून स्पॅनिश भाषांतर, हे वेगळेच.

दुसरी वाट मुलांनी आईवडिलांना आपल्याकडे बोलावून घेण्याची. येथे आईवडिलांचे वय ६५ च्या पुढे असावे लागते, मुलाला किंवा मुलीला पाच वर्षांनंतर मिळणारा दीर्घकालीन निवासाचा हक्क असावा लागतो, आणि आईवडील आर्थिकदृष्ट्या आपल्यावर अवलंबून आहेत हे सिद्ध करावे लागते. सिद्ध करायचे म्हणजे अर्जापूर्वीच्या काळात मुलाने त्यांच्या निर्वाहासाठी नियमित पैसे पाठवल्याच्या बँकेच्या नोंदी दाखवायच्या. तसेच जवळ बोलावण्याची गरज का आहे, हेही पटवून द्यायचे.

या दोन्ही अटी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या की आपल्यासारख्यांची अडचण ध्यानात येते. बँकेतून, विमा कंपनीतून, महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या माणसाला समजा महिना ७०,००० रुपये निवृत्तिवेतन आहे. वर्षाचे झाले ८ लाख ४० हजार. पहिल्या वाटेच्या ३६ लाखांच्या जवळपासही हा आकडा जात नाही. तफावत शिल्लक ठेवींतून दाखवता येते, पण परवाना आधी एका वर्षाचा आणि मग दोन-दोन वर्षांचा असतो, आणि प्रत्येक नूतनीकरणाच्या वेळी हे बळ पुन्हा दाखवावे लागते. दुसरीकडे, ज्याने आयुष्यभर स्वतःचा खर्च स्वतः केला, मुलांच्या शिक्षणाचे कर्ज फेडले आणि जो आजही मुलाकडून एक पैसा घेत नाही, त्याला दुसऱ्या वाटेवर 'आश्रित' म्हणून उभे राहता येत नाही. त्याचे निवृत्तिवेतनच त्याच्या विरुद्धचा पुरावा ठरते. व्हॅलेन्सियातील एका सल्लागाराने हे अतिशय सौजन्याने सांगितले, "तुम्ही नियमांच्या मधल्या जागेत आहात." त्या मधल्या जागेत आपल्या समाजातील बहुसंख्य निवृत्त कुटुंबे बसतात असे मला वाटते.

समजा सदनिका विकली, ठेवी उभ्या राहिल्या आणि परवाना मिळाला. यानंतरचा भाग अधिक महत्त्वाचा आहे, आणि मुलांनाही तो बहुधा ठाऊक नसतो. स्पेनचे करवर्ष जानेवारी ते डिसेंबर असते. एका वर्षात १८३ पेक्षा अधिक दिवस तेथे राहिले की त्या संपूर्ण वर्षासाठी आपण स्पेनचे करदाते होतो आणि जगभरातील उत्पन्नावर तेथे विवरण भरावे लागते. अर्ध्या वर्षापुरते करदाते होण्याची सोय तेथे नाही. म्हणून मार्चमध्ये जाणारा आणि ऑगस्टमध्ये जाणारा यांच्या स्थितीत फार फरक पडतो. जुलैच्या पहिल्या आठवड्यानंतर पोहोचणाऱ्याचे त्या वर्षी १८३ दिवस भरतच नाहीत. सदनिकेची विक्री, मुदतठेवी मोडणे, भविष्य निर्वाह निधीची रक्कम काढणे, ही कामे कोणत्या वर्षात करायची हे या एका तारखेवरून ठरवावे.

भारत व स्पेन यांच्यात दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार १९९५ पासून लागू आहे. येथे भरलेल्या कराची वजावट तेथे मिळते. मात्र येथे ज्याच्यावर कर नाही त्याची वजावट कशातून मिळणार? आपल्या पी.पी.एफ.चे व्याज येथे पूर्ण करमुक्त आहे. स्पेनच्या दृष्टीने ते साधे व्याज होय. बचतीच्या उत्पन्नावर तेथे पहिल्या ६,००० युरोंपर्यंत १९ टक्के, पुढे ५०,००० पर्यंत २१ टक्के असा चढता दर आहे. दीड कोटी रुपयांच्या ठेवीवर ७ टक्क्यांनी साडेदहा लाख व्याज येते असे धरले, तर ते १०,५०० युरो झाले. त्यावर ढोबळमानाने २,०८५ युरो, म्हणजे दोन लाखांहून अधिक कर होतो. येथे ज्येष्ठ नागरिक म्हणून मिळणारी सूट आणि पंधरा-एच अर्जाची सोय, दोन्ही अनिवासी झाल्यावर संपतात. बचत खाते अनिवासी सामान्य खात्यात, म्हणजे एन.आर.ओ.त बदलून घ्यावे लागते. त्यावरील व्याजावर ३० टक्के व अधिभार या दराने कर कापला जातो आणि करारातील १५ टक्क्यांचा दर हवा असेल तर स्पेनचा करनिवासी दाखला आणून द्यावा लागतो. पी.पी.एफ. खाते मुदतीपर्यंत चालू राहते, पुढे वाढवता येत नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजना अनिवासींना खुली नाही. निवृत्तिवेतनासाठी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो, तोही वकिलातीच्या अधिकाऱ्यांकडून घेता येतो. हे काम तेवढे सोपे आहे.

याखेरीज परदेशातील मालमत्तेचे माहितीविवरण आहे. बँक खाती, रोखे-विमा आणि स्थावर, या तीन गटांपैकी ज्या गटाचे मूल्य ५०,००० युरोंच्या वर जाते त्याची माहिती ३१ मार्चपर्यंत द्यावी लागते. पन्नास लाख रुपयांची ठेव किंवा पुण्यातील दोन खोल्यांचे घर, एवढ्यावरच हे विवरण लागू होते. पूर्वी यातील चुकीला जबर दंड होता. युरोपीय न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये ती दंडपद्धती अवैध ठरवली, पण माहिती देण्याचे बंधन कायम आहे. ज्यांची मुंबईत मोठी मालमत्ता आहे त्यांनी संपत्तीकराचाही विचार करावा. त्याची सूट आणि सवलत प्रांताप्रांतात निराळी. माद्रिदमध्ये तो जवळजवळ माफ आहे, सर्वत्र तसे नाही.

एक गोष्ट तर स्पेनला कधीही न जाणाऱ्या आईवडिलांनाही लागू होते. वारसाकर आपल्याकडे १९८५ साली रद्द झाला, त्यामुळे तो शब्दच आपल्या कानांवरून गेलेला नाही. स्पेनमध्ये हा कर मिळणाऱ्यावर बसतो, आणि मिळणारा तेथील रहिवासी असेल तर मालमत्ता जगात कोठेही असो. म्हणजे सांगलीतील वडिलोपार्जित घराचा हिस्सा मुलाला मिळाला तरी बार्सिलोनात राहणाऱ्या त्या मुलाने सहा महिन्यांच्या आत तेथे विवरण भरणे अपेक्षित असते. माद्रिद आणि व्हॅलेन्सिया या प्रांतांत मुलांसाठी ९९ टक्के सवलत आहे. कॅटलोनियात एवढी नाही. तीच कथा बक्षिसाची. मुलीच्या घरासाठी आपण येथून ४० लाख रुपये पाठवले तर येथे आप्तांना दिलेल्या बक्षिसावर कर नाही, फक्त वर्षाला दहा लाखांवरील रकमेवर बँक २० टक्के कर आगाऊ गोळा करते आणि तो पुढे विवरणात वळता होतो. तेथे मात्र ते बक्षीस करपात्र आहे, आणि सवलत हवी असेल तर बक्षीसपत्र नोटरीसमोर करून मुदतीत विवरण भरणे श्रेयस्कर. बक्षिसाऐवजी बिनव्याजी कर्ज देणे कायदेशीर आहे, पण त्याचा लेखी करार करून तो करखात्याकडे नोंदवावा लागतो. 'घरातलेच पैसे आहेत' एवढे तेथे पुरत नाही.

चलनाचा हिशोबही विसरून चालणार नाही. २०१५ च्या सुमारास युरो ७० रुपयांच्या आसपास होता, दहा वर्षांनी तो शंभरी ओलांडून गेला. आपला महागाई भत्ता भारतातील किमतींप्रमाणे वाढतो. व्हॅलेन्सियाच्या भाड्याशी त्याचे काही नाते नाही.

भाड्याचेच घ्या. मुलांच्या घरात जागा असेल तर उत्तम. वेगळे बिऱ्हाड करायचे तर चांगल्या वस्तीत दोन शयनगृहांचे घर १,००० युरोंच्या खाली मिळणे आता कठीण झाले आहे. कायद्याने अनामत एक महिन्याची, आणि फार तर आणखी दोन महिन्यांची हमी मागता येते. घरमालक व्यक्ती असेल तर भाडेकरूला पाच वर्षांपर्यंत राहण्याचे संरक्षण मिळते. कायदा भाडेकरूच्या बाजूचा आहे आणि नेमके म्हणूनच घरमालक आधीच पारखून घेतो; त्याला स्पेनमधील पगाराची चिठ्ठी हवी असते. भारतातील निवृत्तिवेतनाचा आदेश त्याच्यापुढे ठेवून उपयोग होत नाही. जावयाच्या एका सहकाऱ्याच्या आईवडिलांना बँकेची हमी देऊन घर मिळाले, तेवढी रक्कम ठेवीत अडकवून.

घर घेतल्यावर आपल्याला आश्चर्य वाटेल अशा काही गोष्टी. विजेची कमाल क्षमता ठरवून घ्यावी लागते आणि तिचा स्थिर आकार दर महिन्याला पडतो. क्षमता कमी घेतली आणि भट्टी, धुलाई यंत्र व विजेची शेगडी एकाच वेळी लावली की घर अंधारात. नियंत्रित दराची जोडणी असेल तर दर तासागणिक बदलतो. मध्यरात्रीनंतर आणि शनिवार-रविवारी स्वस्त, त्यामुळे धुलाई यंत्रे रविवारी फिरतात. कित्येक जुन्या घरांत नारिंगी रंगाचे साडेबारा किलोचे सिलिंडर असतात आणि ते खांद्यावर घेऊन जिने चढणारा माणूस पाहिला की आपण मायदेशीच आहोत असे क्षणभर वाटते. व्हॅलेन्सियाचा हिवाळा कागदावर सौम्य आहे. पण फरशीच्या, उष्णतेची सोय नसलेल्या घरात जानेवारीत घरात स्वेटर आणि बाहेर उन्हात सदरा असा उलटा क्रम पाळावा लागला. विमा मात्र अवश्य घ्यावा. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी शहराच्या दक्षिणेकडील गावांत जो प्रलय झाला त्यात दोनशेहून अधिक माणसे गेली. तेथे प्रत्येक घरविम्याच्या हप्त्यात एक लहानसा अधिभार असतो. तो एका सरकारी निधीत जमा होतो आणि पूर-भूकंपाची भरपाई हा निधी करतो. ही व्यवस्था फार जुनी आणि मला अनुकरणीय वाटली. पण ज्याच्याकडे विमापत्रच नाही त्याला या निधीतून काही मिळत नाही.

आरोग्याचा विषय वेगळा लिहावा इतका मोठा आहे. परवान्यासाठी खासगी आरोग्यविमा लागतो, तोही रुग्णाने वाटा उचलण्याची अट नसलेला. सत्तरीच्या आसपास पुष्कळ कंपन्या नवा विमा देत नाहीत. मधुमेह व रक्तदाब असेल तर नकार लवकर येतो. आपल्या येथील विमा बहुधा भारतातील उपचारांपुरताच असतो. तेथे एक वर्ष नोंदणीकृत वास्तव्य झाल्यावर सरकारी आरोग्यसेवेत पैसे भरून सामील होता येते. ६५ वर्षांखालील व्यक्तीस महिना ६० युरो आणि त्यावरील व्यक्तीस १५७ युरो. औषधे मात्र पूर्ण किमतीने घ्यावी लागतात. सेवेचा दर्जा पाहता हा सौदा उत्तम आहे, पण पहिले वर्ष निभावणे महत्त्वाचे.

बँकांविषयी लिहिताना हात थोडा सैल सोडतो. शाखा दुपारी दोनला बंद. पगार किंवा निवृत्तिवेतन जमा होत नसेल तर खाते सांभाळण्याचे शुल्क. आपल्या यू.पी.आय.सारखी मोबाइल क्रमांकावरून पैसे देण्याची 'बिसुम' नावाची सोय २०१६ पासून आहे, ती चांगली चालते. परंतु खिडकीवर माणूस भेटणे दुरापास्त झाल्यावर याच व्हॅलेन्सियातील कार्लोस सान हुआन नावाच्या निवृत्त डॉक्टरांनी २०२२ च्या आरंभी 'मी वृद्ध आहे, मूर्ख नव्हे' अशी मोहीम काढली. स्वतः कंपवाताने आजारी असलेल्या या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या गृहस्थांना सहा लाखांहून अधिक सह्या मिळाल्या. सरकारने लक्ष घातले आणि बँकांना ज्येष्ठांसाठी खिडकीची वेळ वाढवण्याचे मान्य करावे लागले. खिडकीच्या आतल्या बाजूस आयुष्य काढलेल्या मला त्यांचे म्हणणे अक्षरशः पटले.

आपल्या वाचकांचा खरा प्रश्न आहाराचा असणार. घरी स्वयंपाक करणाऱ्यास तेथे काही कमी नाही. १९२८ साली उभारलेली मध्यवर्ती मंडई सकाळी साडेसातला उघडते. घेवडा, वांगी, लाल भोपळा, टोमॅटो, मोठाले आर्टिचोक, सुटे हरभरे, मसूर, बदाम, सारे ताजे. रुसाफा भागातील दुकानांत तूरडाळ, कणीक, हिंग मिळते. बाहेर खाताना मात्र सावध असावे. 'मांस नको' म्हटले तरी ताटात डुकराच्या मांडीच्या पातळ चकत्या किंवा ट्यूना मासा येऊ शकतो, कारण तेथील बोलीत 'मांस' या शब्दात ते धरतातच असे नाही. तोर्तिया म्हणजे अंडी व बटाटा. गस्पाचो या थंड सारात लसूण. कित्येक बिस्किटांत व गोड पावांत डुकराची चरबी असते. नाताळातील पोल्वोरोनमध्ये तर हमखास. चीजमध्ये बहुधा प्राण्याच्या जठरातील विरजण असते, जरी काही जुन्या प्रकारांत काटेरी फुलांचे वनस्पतिजन्य विरजण वापरतात, वेष्टन वाचावे. आणि व्हॅलेन्सियाचे अभिमानाचे पेय ओर्चाता! शुभ्र, गार, दुधाविना. शाकाहारी म्हणून सर्वजण आग्रह करतात. ते 'चुफा' नावाच्या जमिनीखालील लहान कंदापासून होते, तेव्हा कंदमूळ वर्ज्य करणाऱ्यांनी त्याला हात जोडावेत.

रात्रिभोजनत्यागाचा नियम पाळणाऱ्यांना तेथील घड्याळ चकित करते. स्पेनने १९४० साली आपली वेळ जर्मनीच्या वेळेशी जुळवली, ती आजतागायत तशीच आहे. त्यामुळे जूनमध्ये व्हॅलेन्सियाचा सूर्यास्त रात्री साडेनऊला होतो. उपाहारगृहांत रात्रीचे जेवण साडेआठपूर्वी मिळत नाही, तरी उन्हाळ्यात सूर्यास्तापूर्वी जेवण सहज उरकते. डिसेंबरात सूर्य सव्वाआठला उगवतो आणि पावणेसहाला मावळतो. नवकारसी पाळायची तर सकाळचा पहिला घोट नऊनंतर, आणि संध्याकाळी जावई कचेरीतून परतण्याच्या कितीतरी आधी आमचे जेवण आटोपलेले. एकाच घरात दोन पंगती झाल्या. सौभाग्यवतींना याचे फार वाईट वाटे. मुलांजवळ राहायला यावे आणि आठवड्यातून पाच दिवस जेवण एकट्यानेच घ्यावे. दिवसभर त्या दोघांच्या नोकऱ्या, शेजारी गोड स्वभावाचे पण स्पॅनिशपलीकडे न बोलणारे. मंदिर नाही, प्रवचन नाही, पर्युषणात चार ओळखीच्या घरांनी मिळून केलेले प्रतिक्रमण, तेवढाच आधार. हा खर्च कोणत्या स्तंभात लिहावा ते मला अजून उमगलेले नाही.

हे सर्व हिशोब कन्येसमोर मांडले तेव्हा ती म्हणाली, "बाबा, इतकं मोजायचं का? आम्ही आहोत ना!" तिचे म्हणणे खोटे नाही. परंतु तिच्या भरवशावर आमचा परवाना नाही, आणि आमच्या ठेवींवरील कर तिला भरता येणार नाही.

तूर्त आम्ही पर्यटक व्हिसाचाच मार्ग धरला आहे. शेंगेन क्षेत्रात कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येते. मुक्कामाचे दिवस मोजताना आलेला व गेलेला, दोन्ही दिवस धरायचे. ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर बोटांचे ठसे घेऊन प्रवेश-निर्गमन यंत्रावर नोंदले जाऊ लागले आहे, त्यामुळे एका दिवसाचीही चूक लपत नाही. वर्षात दोनदा नव्वद दिवस राहिले तरी १८३ ची रेषा ओलांडली जात नाही. पी.पी.एफ. शाबूत राहते, विमा येथलाच राहतो, आणि प्रत्येक खेपेला प्रवासविमा व तिकीट मिळून जो खर्च येतो तो तेथील वर्षाच्या कराहून फारसा अधिक होत नाही. पुढील खेप दिवाळीनंतरची ठरली आहे. महावीर जयंतीच्या बरेच आधी परत यायचे असल्याने तारखा मोजून तिकिटे काढून ठेवली आहेत. सामानात या वेळी हिंगाची मोठी डबी आणि प्रेशर कुकरच्या दोन जादा रिंगा आहेत. त्या मापाच्या रिंगा व्हॅलेन्सियात कोठेच मिळाल्या नाहीत.